आरसेटीचं मोफत प्रशिक्षण आणि त्यानंतरचं कर्ज: अर्ज कोणी, कुठे, कसा करायचा

गावाकडच्या गरीब घरातल्या तरुणांना आणि बचतगटातल्या महिलांना धंद्याचं शिक्षण मोफत, राहणं-जेवण मोफत, आणि शिकून झाल्यावर बँकेच्या कर्जासाठी मदत. ही सोय महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. नाव ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. सगळे तिला आरसेटी म्हणतात. पण गावात चौकशी केली तर आठवड्याचा हप्ता न्यायला येणारा फायनान्सवाला सगळ्यांच्या ओळखीचा निघतो, आरसेटी मोजक्यांच्या. आधी कर्ज काढायचं आणि मग त्याचं काय करायचं ते शोधायचं, या उलट्या क्रमात कितीतरी घरं अडकली आहेत. आरसेटीत क्रम सरळ आहे: आधी काम शिका, मग बँकेत जा.

मंदिराच्या गावातून आलेली पद्धत

आरसेटीचं मूळ कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यात, धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावात आहे. धर्मस्थळाचं मंजुनाथ मंदिर शंकराचं, पुजारी वैष्णव आणि कारभार पिढ्यान्‌पिढ्या एका जैन घराण्याकडे. तिथले धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकारानं 1982 मध्ये दोन कामं उभी राहिली.

पहिलं, श्री क्षेत्र धर्मस्थळ ग्रामविकास योजना. तिचे छोट्या शेतकऱ्यांचे 'प्रगतिबंधू' गट असतात. गटातले पाच-सात जण आठवड्यातून एक दिवस आळीपाळीनं एकमेकांच्या रानात राबतात, मजुरी घेत नाहीत. आपल्याकडची सावडच ही. त्याच्या जोडीला दर आठवड्याला बैठक, ठरलेली बचत आणि त्यानंतर कर्ज. कर्जाचा पैसा बँकेचा असतो, योजना बँकेची प्रतिनिधी म्हणून काम पाहते. हे गट कर्नाटकात आणि केरळच्या कासरगोड भागात आहेत. महाराष्ट्रातल्या माणसाला तिथे अर्ज करता येत नाही.

दुसरं काम मात्र आपल्या दारापर्यंत आलं. धर्मस्थळाचा शिक्षण ट्रस्ट, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून उजिऱ्यात बेरोजगार तरुणांसाठी 'रुडसेटी' ही प्रशिक्षण संस्था काढली. शिकवणूक छोट्या मुदतीची, निवासी आणि मोफत. शिकून गेलेल्या माणसाचा पुढे पाठपुरावा. 2009 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानं हाच नमुना देशभर न्यायचं ठरवलं. जागा राज्य सरकारनं द्यायची, संस्था बँकेनं चालवायची. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात चालवणारी बँक वेगळी दिसते. कोल्हापुरात बँक ऑफ इंडिया, पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्र. देवस्थानाच्या अंगणात सुरू झालेलं काम असलं, तरी प्रवेशाला धर्माची अट नाही.

अर्ज कोणाला करता येतो

वय 18 पूर्ण (कमाल वयाची अट संस्थेत विचारून घ्या), राहणं त्या जिल्ह्यात, स्वतःचा धंदा करायची तयारी. शिक्षणाची अट बहुतेक अभ्यासक्रमांना नाही. लिहिता-वाचता येणं पुरतं. संगणक किंवा टॅलीसारख्या विषयांना मात्र शालेय शिक्षण पाहिलं जातं. प्रशिक्षणार्थींपैकी निदान 70 टक्के ग्रामीण गरीब कुटुंबांतले असावेत, असा नियम आहे. म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं घर, अंत्योदय कार्डधारक, मनरेगावर जाणारं कुटुंब, राज्याच्या 'उमेद' अभियानातल्या बचतगटातली महिला यांना खरं तर पहिला मान. तिथे आपलं काम नाही असं समजून हीच माणसं मागे राहतात, याचं फार वाईट वाटतं.

कागदपत्रं थोडीच लागतात. आधार कार्ड, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला किंवा शेवटची गुणपत्रिका, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. गरीब कुटुंबाचा पुरावा म्हणून पिवळं रेशनकार्ड, जॉबकार्ड किंवा बचतगटाचं सदस्यत्वाचं पत्र जोडा. गटाच्या पत्रावर अध्यक्ष-सचिवांची सही आणि शिक्का हवा. जातीचा दाखला असेल तर त्याची प्रतही ठेवा, पुढे अनुदानाच्या योजनेत तो लागतोच.

एक गोष्ट आधीच तपासा: आधारवरचं, रेशनकार्डावरचं आणि पासबुकातलं नाव एकच आहे का. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आणि खात्यावर माहेरचं, असं सर्रास असतं. प्रशिक्षणाला ते चालून जातं, पण कर्जाच्या वेळी फाइल तिथेच थांबते. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी बँकेत जाऊन नाव एकसारखं करून घ्या.

अर्ज कुठे द्यायचा

सरळ आरसेटीत जाऊन छापील अर्ज भरता येतो. शुल्क काही नाही. कोणी एजंट मागत असेल तर देऊ नका. लांब असेल तर गावातली बचतगटाची समुदाय संसाधन व्यक्ती (गटांना मदत करणारी गावातलीच महिला), ग्रामसंघ (गावातल्या गटांचा संघ) किंवा पंचायत समितीतला 'उमेद'चा कक्ष यांच्याकडे अर्ज द्या. गावातून 25-30 जणींची एकाच विषयाची मागणी गेली, तर संस्था गावाजवळच बॅच घेऊ शकते. लहान मुलं घरी ठेवून महिनाभर जिल्ह्याच्या गावी राहणं ज्यांना जमत नाही, त्यांनी ग्रामसंघाच्या ठरावासह अशी मागणी जरूर करावी.

अर्जानंतर छोटी मुलाखत होते. तिला घाबरायचं कारण नाही. हा धंदा का करायचा आहे, घरात कोणाची साथ आहे, जागा आहे का, एवढंच पाहतात. ज्याला फक्त प्रमाणपत्र हवंय आणि ज्याला धंदा करायचाय, यातला फरक त्या बोलण्यातून कळतो. शेळीपालनाला नाव द्यायचं असेल तर चारा कुठून येणार आणि शेळ्या बांधणार कुठे, याचं उत्तर तयार ठेवा.

तिथे काय होतं

शेळीपालन, दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, पापड-लोणची-मसाले हे साधारण 10 दिवसांचे वर्ग. शिवणकाम, ब्यूटीपार्लर, घरातली वायरिंग, मोबाइल किंवा दुचाकी दुरुस्ती हे साधारण 30 दिवसांचे. दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं होते. मग एकेक जण उभा राहून काल शिकलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. घराबाहेर चार माणसांत कधी बोललेली नसलेली बाईसुद्धा आठवड्याभरात धीट होते, ती याच तासामुळे.

हाताच्या कौशल्याइतकाच भर धंद्याच्या समजेवर असतो. रिंग टाकण्याचा एक खेळ घेतात: खुंटीपासून किती अंतरावर उभं राहायचं ते तुम्हीच ठरवायचं आणि तिथून रिंग टाकायची. फार जवळून टाकलं तर गुण नगण्य, फार लांबून टाकलं तर रिंग पडतच नाही. पेलवेल एवढीच जोखीम कशी निवडायची, हे त्यातून कळतं; किती कर्ज घ्यायचं याचा विचार तिथूनच सुरू होतो. बाजाराची पाहणी हाही अभ्यासाचा भाग. दुकानदारांना विचारून यायचं: ब्लाउजची शिलाई काय, अस्तर कुठून आणता, उधारी किती दिवसांची. ते आकडे मग स्वतःच्या प्रकल्प अहवालात, म्हणजे धंद्याच्या खर्च-उत्पन्नाच्या आराखड्यात, भरायचे. शेवटी परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळतं. हजेरीत सूट मागू नका. दहा दिवसांच्या वर्गातले दोन दिवस बुडाले की बरंच निसटतं.

आता कर्ज

आरसेटी स्वतः कर्ज देत नाही, हे आधी नीट समजून घ्या. ती तुमचा अर्ज तयार करून बँकेच्या शाखेकडे पाठवते. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही: शिशु गटात 50 हजारांपर्यंत, किशोर गटात 5 लाखांपर्यंत, तरुण गटात 10 लाखांपर्यंत. पहिल्या धंद्याला शिशु बहुतेकदा पुरतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात खुल्या गटाला 25 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास यांसारख्या गटांना 35 टक्के अनुदान असतं. स्वतःचा वाटा अनुक्रमे 10 आणि 5 टक्के. या योजनेत बहुतेक प्रकल्पांना उद्योजकता प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते आरसेटीत होतं. बचतगटामार्फत घेत असाल तर 10 लाखांपर्यंतच्या गटकर्जाला बँक तारण मागू शकत नाही, आणि गटाचं बचत खातंही अडकवून ठेवू शकत नाही. हे वाक्य गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा.

बँकेला अर्जासोबत लागतात: आधार, पॅन, आरसेटीचं प्रमाणपत्र, प्रकल्प अहवाल, यंत्राचं किंवा जनावरांचं दरपत्रक, जागेचा कागद आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी). उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते.

आधीच मायक्रोफायनान्सचं कर्ज चालू असेल तर ते लपवू नका. बँकेला पतअहवालात, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीत, ते दिसतंच. त्याबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नियमही माहीत असू द्या. वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कर्जाचं कार्ड तुम्हाला समजेल त्या भाषेत मिळायला हवं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर येता-बोलवता येत नाही. हप्ते निम्म्यावर गेले असतील तर नवीन कर्ज थांबवा, आधी एक जुनं संपवा.

शाखेनं अर्ज घेतला की पोच मागा, आणि नाकारला तर कारण लेखी मागा. ते कागद घेऊन परत आरसेटीत जा. प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करणं हे त्यांचं कामच आहे. तिथेही अडलं तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (लीड बँकेच्या) जिल्हा व्यवस्थापकांकडे अर्ज द्या. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक 14448.