वायकिंग तलवारीची प्रतिकृती: आधी मूठ तपासा

जाहिरातीत दिसतं ते पातं; खोट असते ती मुठीत. भिंतीवर टांगायच्या स्वस्त तलवारीत स्टेनलेसचं पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं. पुढे पेन्सिलीएवढा, आटे पाडलेला गज वेल्डिंगनं चिकटवलेला असतो. वेल्डिंगच्या आचेनं तिथला धातू कमजोर होतो आणि तलवार फिरवताना नेमका त्याच जोडावर ताण येतो. पातं सुटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकतं. ती टांगूनच ठेवावी.

चांगल्या प्रतिकृतीत मुठीतला शेपटा, म्हणजे मुठीच्या आत जाणारा पात्याचा भाग, पात्याच्याच पोलादाचा आणि खांद्याशी, म्हणजे पातं जिथे शेपट्याला मिळतं तिथे, रुंद असतो. तिथले कोपरे गोलसर हवेत, कारण काटकोनातून तडा सुरू होतो. शेपट्याचं टोक पॉमेलच्या, म्हणजे मुठीच्या शेवटच्या गोळ्याच्या, वर ठोकून रिव्हेटसारखं पसरवलेलं असतं. पोलाद १०६० प्रतीचं, म्हणजे सुमारे ०.६ टक्के कार्बनचं, किंवा ५१६० प्रतीचं असावं. गाड्यांचे कमानपाटे याच ५१६०चे होतात, त्यामुळे वाकून सरळ होणं त्याच्या अंगात असतं.

मग वजन. अस्सल तलवारी बहुधा ९० सेंमीच्या आसपास लांब आणि १ ते १.३ किलोच्या. प्रतिकृती दीड किलोच्या वर गेली, तर पातं बहुधा मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचं असतं. खरं पातं मुठीशी ५-६ मिमी, तर टोकाजवळ निम्म्याहून कमी. पात्याच्या मधली लांब पन्हळ रक्त वाहून जावं म्हणून असते, ही लोणकढी थाप. तिच्यामुळे ताठपणा फारसा न गमावता वजन घटतं.

नॉर्वेचे पुरातत्त्वज्ञ यान पेटर्सन यांनी १९१९ साली वायकिंग तलवारींचे प्रकार पाडले ते मुख्यतः मुठीच्या घडणीवरून. मुठीची पकड जेमतेम ९-१० सेंमी. आजचे कारागीर ती लांबवतात आणि तिथेच घाट बिघडतो.

काही अस्सल पात्यांवर ‘उल्फबेर्त’ हे नाव असे; ती अक्षरं कोरलेली नसत. लोखंडी सळ्यांचे तुकडे तापल्या पात्यात ठोकून बसवलेले असत. लेझरनं खोदलेलं नाव म्हणजे नुसती सजावट, त्यासाठी जादा पैसे कशाला?

कोकण-गोव्याच्या दमट हवेत तलवार चामड्याच्या म्यानात ठेवू नये; चामडं ओल धरतं आणि पातं आतून गंजतं. हात लागला की बोटांचे ठसे पुसून मिनरल ऑइलचा पातळ हात द्यावा. जाड थर दिला तर त्यावर धूळ बसते आणि धुळीत पाणी मुरतं.