घरखरेदीपूर्व तपासणी (इंग्लंड व वेल्स)

घर विकत घेण्याआधी त्याची किंमत, बांधकामाची अवस्था आणि कायदेशीर बाजू पडताळण्याची प्रक्रिया. ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’ हे तत्त्व इंग्लंडच्या मालमत्ता-व्यवहारात मुरलेले असल्याने दोष शोधण्याचा भार मुख्यतः खरेदीदारावर पडतो. खरेदीदाराने देऊ केलेली किंमत विक्रेत्याने मान्य केली, तरी सह्या झालेल्या करारांची देवाणघेवाण होईपर्यंत दोघांपैकी कोणीही बांधील नसतो. त्या वेळी साधारणतः किमतीच्या १० टक्के इसार द्यावा लागतो आणि नंतर माघार घेतल्यास तो बुडू शकतो. त्यामुळे सगळी तपासणी देवाणघेवाणीच्या आधीच पुरी व्हायला हवी.

पहिले घर घेणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी गैरसमजूत मूल्यांकनाबद्दल असते. कर्ज देणारी संस्था करून घेते ते मूल्यांकन तिच्या स्वतःच्या रकमेच्या सुरक्षिततेसाठी असते. कर्ज थकले तर घर विकून पैसे वसूल होतील का, एवढेच त्यात पाहिले जाते. कधी मूल्यांकनकार घराला धावती भेट देतो, तर कधी आजूबाजूच्या विक्रीच्या नोंदींवरून संगणकच आकडा काढतो आणि घरात कोणी पाऊलही टाकत नाही. शुल्क खरेदीदाराने भरले असले तरी अहवाल त्याला दाखवला जाईलच असे नाही.

मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आले तर कर्ज कमी आकड्यावर मोजले जाते. समजा, घर ३,००,००० पौंडांना ठरले आहे आणि कर्ज ९० टक्के मिळणार आहे. मूल्यांकन २,८५,००० आले, तर कर्ज २,७०,००० ऐवजी २,५६,५०० पौंड होते. वरचे १३,५०० पौंड स्वतः उभे करायचे, किंमत उतरवून मागायची दुसरी कर्जसंस्था शोधायची किंवा व्यवहार सोडायचा, असे मार्ग उरतात.

‘स्मिथ विरुद्ध एरिक एस. बुश’ हा खटला या संदर्भात मुद्दाम वाचण्याजोगा आहे. कर्जसंस्थेच्या मूल्यांकन अहवालात मोठ्या दुरुस्तीची गरज नाही असे म्हटले होते. त्यावर विसंबून स्वतंत्र सर्वेक्षण न करता घर घेतले गेले. खालचा आधार काढून टाकलेले धुराडे पुढे कोसळले. साध्या घराच्या खरेदीदाराप्रती मूल्यांकनकाराचीही जबाबदारी असते, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) १९८९ मध्ये दिला. ही दाद मात्र नुकसान होऊन गेल्यावरची आहे.

खरेदीदाराच्या बाजूने पाहणारा तो सर्वेक्षक. १८६८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या सर्वेक्षकांच्या संस्थेने, म्हणजे आरआयसीएसने (रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स), पाहणीचे तीन स्तर ठरवले आहेत. पहिला नव्या व साध्या घरांसाठी, दुसरा चांगल्या अवस्थेतील नेहमीच्या बांधणीच्या घरांसाठी, तर तिसरा जुन्या, मोठ्या किंवा बरेच फेरफार झालेल्या वास्तूंसाठी. अहवालात प्रत्येक भागाला हिरवा, पिवळसर किंवा लाल दर्जा मिळतो. ओल, कुजलेले लाकूड, खचलेला पाया, छपराची अवस्था हे यात कळते. सर्वेक्षक जड सामान हलवत नाही, बसवलेला गालिचा उचलत नाही आणि वीज वा गॅसची चाचणीही करत नाही. म्हणून जिथे ‘पाहणी करता आली नाही’ असा शेरा असतो, ती जागा लाल दर्जाइतक्याच बारकाईने वाचावी आणि गरज भासल्यास त्या विषयाच्या तज्ज्ञाला बोलवावे.

कागदपत्रे सॉलिसिटर (वकील) किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर (मालमत्ता हस्तांतरणाचे काम करणारा) पाहतो : भूमी नोंदणीतील मालकी, स्थानिक प्राधिकरणाकडील बांधकाम-परवानग्या व रस्त्यांच्या नोंदी, सांडपाणी, पूर, आणि कोळसा-पट्ट्यात जुन्या खाणी. फ्लॅट बहुधा लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, असतो. लीजची किती वर्षे उरली आणि सेवाशुल्क किती, हे आधी विचारावे. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या २०१७ च्या आगीनंतर अनेक इमारतींच्या बाह्य भिंतींच्या अग्निसुरक्षेचे ईडब्ल्यूएस१ प्रपत्रही कर्जसंस्था मागू लागल्या.

स्कॉटलंडमध्ये पद्धत उलटी आहे. १ डिसेंबर २००८ पासून बहुतेक जुनी घरे विक्रीस काढताना विक्रेत्यालाच ‘होम रिपोर्ट’ तयार ठेवावा लागतो. त्यात सर्वेक्षण व मूल्यांकन, ऊर्जा अहवाल आणि मालमत्तेची प्रश्नावली असते. नव्याने बांधलेल्या घरांना त्यातून सूट आहे.