फेडर-जोडणी (ध्वनिमुद्रण)

फेडर-जोडणी : ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधील मिक्सरवर दोन किंवा अधिक चॅनलांचे फेडर (पातळी बदलणारे सरकते नियंत्रक), म्यूट (आवाज बंद करणे), सोलो (तेवढाच ऐकणे) वा पॅन (डावी-उजवी बाजू ठरवणे) एकमेकांना बांधण्याची सोय. एक फेडर सरकवला की बाकीचे सोबत सरकतात. स्टुडिओत 'ग्रुप करणे' किंवा 'लिंक करणे' असेच म्हणतात.

उगमाबद्दल एकमत नाही. काही जण तो एकाच दांड्यावर बसवलेल्या दुहेरी पोटेन्शिओमीटरपर्यंत (पातळी बदलणाऱ्या रोधकापर्यंत) मागे नेतात. पण ती जोडी कारखान्यातच पक्की होते, हवी तेव्हा सुटत नाही. त्यामुळे व्होल्टेज-नियंत्रित प्रवर्धकापासून (व्हीसीए) आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. डेव्हिड ब्लॅकमर यांना अशा मंडलाचे (सर्किटचे) अमेरिकी पेटंट १९७३ मध्ये मिळाले. कन्सोलवर (स्टुडिओतल्या मिक्सरवर) ही रचना साधारण सत्तरच्या दशकात रुळली. त्यात आवाज फेडरमधून जातच नाही, जाते ते फक्त नियंत्रक व्होल्टेज. त्यामुळे एका मुख्य फेडरचे व्होल्टेज अनेक चॅनलांच्या व्होल्टेजमध्ये मिळवता येते. ब्लॅकमर मंडलात व्होल्टेजची बेरीज म्हणजेच डेसिबलची बेरीज, म्हणून चॅनलांतला फरक आपोआप टिकतो. सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज उरले नाही, 'व्हीसीए' हे नाव मात्र राहिले : प्रो टूल्समध्ये सुमारे २००६ पासून, रीपरमध्ये आवृत्ती ५ (२०१५) पासून.

मराठवाड्यातील गोंधळाचे मुद्रण हे याचे सोयीचे उदाहरण. तुळजापूर-माहूरकडच्या गोंधळातले संबळ म्हणजे दोन वाद्यांची जोडी. दोन माइक लावले की दोन ट्रॅक होतात आणि ते बांधूनच ठेवावेत. समजा संबळाचे ट्रॅक -६ वर आणि झांज -१२ डेसिबलवर आहे. तिन्ही सापेक्ष (आपसातला फरक राखून) जोडून ३ डेसिबलने उचलले, तर ते -३ आणि -९ वर येतात. निरपेक्ष जोडणीत मात्र सगळे एकाच आकड्यावर येतात आणि झांज गोंधळ्याच्या गळ्यावर चढते. सापेक्ष जोडणीलाही टोके असतात. एखादा फेडर कमाल मर्यादेला (क्युबेसमध्ये सुमारे +६, प्रो टूल्समध्ये +१२) टेकला की तो थांबतो, बाकीचे पुढे जातात. एकट्या तुणतुण्याला हलवायचे असेल तर जोडणी तात्पुरती सोडवण्याची कळ असते.

जोडणी आणि बस यांत नवशिका हमखास घोळ घालतो. बसमध्ये आवाजच एकत्र मिसळतो, जोडणीत फक्त फेडर एकत्र चालतात. झीलकऱ्यांचे ट्रॅक बसच्या फेडरने खाली ओढले, तर त्या ट्रॅकांच्या फेडरनंतरच्या सेंडमधून (आवाजाची प्रत दुसरीकडे पाठवणाऱ्या वाटेतून) रिव्हर्बला, म्हणजे घुमारा देणाऱ्या इफेक्टला, जाणारा आवाज तसाच राहतो. झील विरते आणि घुमारा मागे उरतो. जोडणीने ओढल्यास सेंडही त्याच प्रमाणात उतरतो. उलट, बसवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारे साधन) असेल तर जोडलेले फेडर उचलल्याने त्यात शिरणारा आवाज वाढून त्याचा दाब बदलतो; बसच्या फेडरने तसे होत नाही.

पॅनची जोडणी कमी वापरतात. संबळाचे दोन ट्रॅक एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना सरकायला हवे असतात. रीपरमध्ये त्यासाठी उलट दिशेचा वेगळा पर्याय आहे.