काइजू चित्रपट आणि परग्रहीय स्वारी

अजस्र प्राण्यांनी मांडलेला विध्वंस आणि परग्रहवासीयांची पृथ्वीवरील स्वारी ही दोन कथासूत्रे एकत्र गुंफणारा जपानी चित्रपटप्रकार. ‘काइजू’ या जपानी शब्दाचा अर्थ विचित्र किंवा अद्भुत पशू असा होतो. तोहो या चित्रपटसंस्थेने १९५७ ते १९६८ या काळात हा प्रकार रूढ केला. दिग्दर्शक इशिरो होंडा, विशेष दृश्यांचे सूत्रधार एजी त्सुबुराया, निर्माते तोमोयुकी तानाका आणि संगीतकार अकिरा इफुकुबे ही त्यामागची प्रमुख नावे होत.

या परंपरेचा आरंभ ज्या ‘गोजिरा’ (गॉडझिला) चित्रपटाने झाला, त्यात परग्रहवासी नाहीत. तो ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी प्रवाळद्वीपावरील अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. स्वतः होंडा सैन्यातून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून गेले होते. त्यामुळे या चित्रपटातील राक्षस गॉडझिला भूकंपासारखा किंवा वादळासारखा येतो: त्याला कोणाशी वैर नाही आणि त्याच्याशी बोलणीही करता येत नाहीत. परग्रहवासी आल्यावर नेमके हेच बदलले. संकटाला हेतू मिळाला, हेतू आला म्हणून पक्ष पडले आणि पक्ष पडल्यावर राक्षसाला कोणत्या तरी बाजूने उभे राहणे भाग पडले.

पहिला प्रयोग डिसेंबर १९५७ मधील ‘चिक्यू बोएइगुन’ (पृथ्वी संरक्षण सेना) या रंगीत चित्रपटात दिसतो. ज्यांचा ग्रह अणुयुद्धात नष्ट झाला आहे असे परकीय येथे फक्त ३ किलोमीटर त्रिज्येची जमीन आणि पृथ्वीवरील स्त्रियांशी विवाहाचा हक्क मागतात. त्यांचा अजस्र यंत्रमानव मोगेरा हे निव्वळ शस्त्र आहे, त्याला स्वभाव नाही. प्रतिकारासाठी मात्र अनेक राष्ट्रे एकत्र येतात, आणि होंडांच्या पुढील चित्रपटांतही हे सूत्र पुन्हापुन्हा येते.

खरे वळण डिसेंबर १९६४ मध्ये आले. अंतराळातून आलेला तीन मुखांचा, सोनेरी अंगाचा किंग गिदोरा याच वेळी प्रथम पडद्यावर अवतरला. एक संस्कृती बेचिराख करून तो पृथ्वीवर पोहोचतो, तेव्हा अळीच्या रूपातील मोथ्रा ही अजस्र पतंग-राक्षसीण, गॉडझिला आणि उडता राक्षस रोदान या दोघांची मनधरणी करते. माणसांनी आम्हांला सदैव छळले, मग त्यांच्यासाठी आम्ही का लढावे, असे सांगून दोघेही नकार देतात. मोथ्रा एकटीच निघते आणि त्या प्रचंड शत्रूपुढे फरफटली जाते. ते पाहून मागे थांबलेल्या दोघांना राहवत नाही. संवादाचा अर्थ मोथ्राच्या सेवेतील दोन चिमुकल्या जुळ्या स्त्रिया माणसांना समजावून सांगतात. प्रसंग बालिश वाटू शकतो. तरीही दहा वर्षांपूर्वी जो मूर्तिमंत संहार होता, त्याला येथे तक्रार मांडण्याचा आणि मन बदलण्याचा अधिकार मिळाला, आणि म्हणून या प्रकाराच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे.

१९६५ च्या ‘काइजू दाइसेन्सो’ (राक्षसांचे महायुद्ध) मध्ये ‘एक्स’ ग्रहावरील लोक औषधाचे आमिष दाखवून गॉडझिला आणि रोदान यांना उसने मागून नेतात आणि त्यांनाच पृथ्वीवर सोडतात. १ ऑगस्ट १९६८ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘काइजू सोशिंगेकी’मध्ये हा विस्तार कळसाला पोहोचला. विसाव्या शतकाच्या अखेरीस ओगासावारा बेटांवर राक्षस सांभाळले जात आहेत. स्त्रीरूपातील किलाक परग्रहवासी त्यांच्यावर दूरनियंत्रण मिळवून त्यांना न्यूयॉर्क, मॉस्को, पॅरिस अशा राजधान्या-महानगरांवर सोडतात. नियंत्रण माणसांवरही चालते: नायक एका तरुणीच्या कानांतील कुड्या ओढून काढतो, तेव्हा ती भानावर येते, कारण संदेशग्राहक त्या कुड्यांतच बसवलेला असतो. फुजी पर्वताच्या पायथ्याशी होणाऱ्या अंतिम लढाईत, किंग गिदोरा धरून, या चित्रपटातील राक्षसांची संख्या ११ भरते. नियंत्रणयंत्र नष्ट झाल्यावरही पृथ्वीवरील राक्षस आपला शत्रू ओळखतात, ही कथेची सर्वांत सुंदर कल्पना होय.

या दृश्यांचे बळ हस्तकौशल्यात होते. राक्षसाचे जड रबरी सोंग अंगावर चढवून नट लघुप्रतिकृतींच्या नगरातून चालत असे; गॉडझिलाचे सोंग हारुओ नाकाजिमा यांनी १९५४ पासून १९७२ पर्यंत वठवले. अडचण वजन भासवण्याची होती. ५० मीटर उंचीवरून वस्तू खाली यायला सुमारे ३.२ सेकंद लागतात, तर १:२५ प्रमाणात, म्हणजे २ मीटरवरून, जेमतेम ०.६४ सेकंद. प्रतिकृती नेहमीच्या वेगाने चित्रित केली, तर कोसळणारी इमारत खेळण्यासारखी दिसते. म्हणून कॅमेरा सेकंदाला २४ चौकटींहून कितीतरी अधिक वेगाने चालवून पडद्यावर हालचाल संथ केली जाई. नटालाही त्यामुळे तापत्या दिव्यांखाली एरवीपेक्षा जलद हालावे लागे. किंग गिदोराच्या बाबतीत आतला माणूस जेमतेम चालू शके. तीन माना, दोन शेपट्या आणि पंख वर उभे असलेले तंत्रज्ञ तारांनी नाचवीत. एखादी मान उशिरा वळली की प्राण्याचा जीवच गेल्यासारखे वाटे, इतके ते काम परस्परांच्या अचूक तालावर अवलंबून होते. १९६८ पर्यंत त्सुबुराया देखरेखीपुरते राहिले होते आणि विशेष दृश्यांचे दिग्दर्शन सादामासा आरिकावा यांच्याकडे होते.

जुलै १९६६ पासून त्सुबुरायांच्याच संस्थेच्या ‘अल्ट्रामॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेने राक्षस, परग्रहवासी आणि महाकाय रक्षक हे मिश्रण दर आठवड्याला घरोघर पोहोचवले. हॉलिवूडमध्ये गिलेर्मो देल तोरो यांच्या ‘पॅसिफिक रिम’ने (२०१३) हीच वाट धरली. त्यात राक्षस समुद्रतळाच्या भेगेतून येतात आणि ते पृथ्वी बळकावू पाहणाऱ्या परकीयांनी घडवलेले असतात, हे पुढे उघड होते. त्यांच्याशी लढणारे यंत्रदेह दोन चालक मने जुळवून चालवतात. येथे राक्षस पुन्हा केवळ शस्त्र झाला आहे आणि मोथ्रासारखे कोणी मनधरणीला येत नाही. चित्रपटाच्या शेवटी विशेष दृश्यांचे अमेरिकी कलावंत रे हॅरीहाउझेन आणि इशिरो होंडा यांच्या स्मृतीस अर्पणपत्रिका आहे.