वाळवंटी वालुकाश्मावरील बोल्डरिंग

दोर न वापरता, साधारण चार-पाच मीटर उंचीच्या सुट्या शिळांवर केलेले प्रस्तरारोहण म्हणजे बोल्डरिंग. खाली जाड गादी (क्रॅश पॅड) अंथरलेली असते आणि पडणाऱ्याला गादीकडे वळवायला सोबती हात उभारून थांबलेले असतात. एका शिळेवरच्या एका चढाईला ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटांत हा खेळ मुख्यतः वालुकाश्मावर चालतो. नेवाडात लास व्हेगासच्या पश्चिमेस असलेले रेड रॉक कॅन्यन आणि युटामधील जोज व्हॅली ही त्याची नावाजलेली ठिकाणे.

रेड रॉकचा ‘ॲझ्टेक वालुकाश्म’ ज्युरासिक काळात, सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी, वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांपासून बनला. त्या टेकड्यांचे तिरपे थर आजही खडकात दिसतात. तांबडा रंग लोहाचा. कॅलिको बेसिनमधील क्राफ्ट बोल्डर्स म्हणजे वरच्या उतारांवरून निखळून खाली आलेल्या अशाच शिळा.

हा खडक म्हणजे मुळात चिकटवलेली वाळू. कॅल्साइट, लोहाची ऑक्साइडे, चिकणमाती यांनी कण एकमेकांना धरून ठेवलेले असतात. पाणी मुरले की ही पकड ढिली पडते. काही वालुकाश्मांची ताकद ओलेपणी निम्म्याहून खाली येते. अशा वेळी बोटाएवढी धारही अंगाच्या भाराने निखळते. शिळेचा बाहेरचा पापुद्रा बहुधा टणक आणि आतला भाग मऊ असतो. त्यामुळे एकदा धार तुटली की खाली उरते ती भुसभुशीत जागा, आणि पुष्कळदा तो प्रॉब्लेमच संपतो. सह्याद्रीच्या बसाल्टवर हात बसलेल्या आरोहकाला हे चटकन पटत नाही. बसाल्ट भिजला तर निसरडा होतो, पण असा कच्चा पडत नाही.

म्हणून पावसानंतर किमान २४ ते ७२ तास थांबायचे, हा इथला पहिला नियम. मात्र घड्याळावर फार विसंबू नये. सावलीतली शिळा, थंडी, वारा नसणे यांनी हा काळ लांबतो. वरचा भाग कोरडा दिसला म्हणून आतला वाळलेला असतोच असे नाही. जाणते लोक शिळेच्या पायथ्याशी दोन-चार बोटे माती उकरून पाहतात. ती दमट लागली तर गाद्या पुन्हा गाडीत. पंचाईत अशी की उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणून चढाईचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, आणि हिवाळी पाऊसही नेमका त्यातच येतो. शेकडो मैल गाडी हाकून आलेल्या पाहुण्याला थांबायला सांगणे सोपे नसते. जवळच्या चुनखडकाच्या कड्यांकडे किंवा शहरातल्या चढाईच्या भिंतींकडे वळणे, ही त्यावरची रुळलेली वाट.

जमिनीचे नुकसान मात्र कोरड्या दिवशीही होते. झुडपांमधली काळपट, खडबडीत माती मेलेली वाटते, पण ते जिवंत कवच असते: सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्म जीवांचे तंतू वाळू बांधून ठेवतात. एका पावलाने ते चुरते आणि पुन्हा धरायला कित्येक दशके लागू शकतात. त्यामुळे मळलेली वाट किंवा कोरडा ओढा धरून चालावे आणि गादी झुडपांवरून फरफटत नेऊ नये.

हातांना लावायचे चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. पाऊस कमी असल्याने त्याचे पांढरे डाग महिनोन्महिने राहतात. पकड कुठे आहे हे कळावे म्हणून ओढलेल्या रेघा निघताना मऊ ब्रशने पुसायच्या असतात. तारेचा ब्रश खडकच खरवडतो.

काही शिळांवर मूळनिवासींनी कोरलेली चित्रे आहेत. तिथे चढू नये. चॉक लावणे तर दूरच, चित्रांना हातही लावू नये. २०२१ मध्ये युटात मोआबजवळ एका आरोहकाने अशा कोरीव चित्रांवरूनच बोल्ट (दोर अडकवायच्या धातूच्या खुंट्या) ठोकून मार्ग काढला होता. चित्रे म्हणजे कुणीतरी अलीकडे ओढलेल्या रेघोट्या आहेत, असा त्याचा समज झाला होता. ओरड झाल्यावर त्याने बोल्ट काढून भोके बुजवली व माफी मागितली.