ट्यूना क्लब, ॲव्हलॉन

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर सांता कॅटालिना नावाचे बेट आहे. त्यावरील ॲव्हलॉन गावात १८९८ साली स्थापन झालेला हा हौशी गरवणाऱ्यांचा क्लब. खोल समुद्रातले मोठे मासे काठी आणि रिळाने (रीळ म्हणजे काठीला बसवलेले, दोरी गुंडाळायचे चाक) पकडण्याच्या खेळाला नियमांची चौकट दिली ती याच क्लबाने.

त्याआधी या बेटावर मासा म्हणजे नुसती लूट होती. निसर्गलेखक चार्ल्स फ्रेडरिक होल्डर १८८६ मध्ये तिथे आले, तेव्हा लोक किनाऱ्यावरूनच जाड हातदोरांनी मोठमोठे मासे ओढून काढत, आणि त्यातले कितीतरी वाया जात. १ जून १८९८ रोजी होल्डर यांनी १८३ पौंडांचा (सुमारे ८३ किलो) नीलपर (ब्लूफिन) ट्यूना काठीने काढला. कोकणात ज्याला कुपा म्हणतात, त्याच्याच गोतातला हा मासा. पण अंगाने आणि ताकदीने थोराड. पावणेचार तास तो होडीलाच ओढत फिरत होता. त्यानंतर लगेच क्लब उभा राहिला. पुढच्याच वर्षी कर्नल मोअरहाउस यांनी २५१ पौंडांचा ट्यूना काढला.

नियम मुद्दाम माणसाला अडचणीत टाकणारे होते. काठी लाकडी, ६ फूट ९ इंचांहून आखूड नको. दोरी लिननची, जास्तीत जास्त २४ धाग्यांची. ओला धागा साधारण ३ पौंडांचा ताण सोसतो, म्हणजे अख्खी दोरी ७२ पौंडांची. तिच्यावर दुप्पट-तिप्पट वजनाचा मासा दमवायचा, तोही दुसऱ्या कुणाचा हात न लागता. काठी मोडली तर मासा हाती येऊनही बाद! लिनन ओले असताना बळकट, पण ओलेच ठेवले की कुजते. त्यामुळे दोरी रोज रिळावरून उलगडून वाळवावी लागे.

खरी परीक्षा बोटांची होती. सुरुवातीच्या रिळांना आतून ब्रेक नसे. मासा पळाला की रीळ फिरवायची मूठ उलटी गरगरा फिरे आणि बोटांचे सांधे फोडून काढी. आवर घालायला रिळावर बसवलेली चामड्याची एक पट्टी, ती अंगठ्याने दाबायची. विल्यम बोशेन यांनी यावर तोड काढली: रिळाच्या आतच घर्षणाच्या चकत्या आणि त्या कमी-जास्त आवळायला बाहेर चांदणीच्या आकाराचे चाक. मासा दोरी ओढत असताना मूठ जागची हलत नाही. ब्रुकलिनचे कारागीर ज्युलियस फॉम होफ यांनी असे रीळ बनवले. १९१३ मध्ये बोशेन यांनी ३५५ पौंडांचा तलवार मासा काढला; काठी-रिळाने मिळालेला हा पहिलाच. आजच्या रिळांवरची चांदणी तिथलीच.

बोशेन यांचे नावाडी जॉर्ज फार्न्सवर्थ यांची युक्ती आणखी मजेशीर आहे. बिथरलेला ट्यूना होडीजवळ फिरकेना, म्हणून त्यांनी आमिष पतंगाला टांगले. पतंग होडीपासून दूर उडे, दोरी पाण्याबाहेर राही, आणि गळाला लावलेला उडता मासा लाटांवर टपटप उड्या मारत जाई. आग्नेय आशियातील बेटांवर पतंगाने मासे धरण्याची रीत जुनीच आहे. ट्यूनासाठी ती इथे रुळली.

१९१५ च्या आगीत ॲव्हलॉनचा बराच भाग जळाला, त्यात क्लबाची इमारतही गेली. पुढच्या वर्षी ती पुन्हा बांधली. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या हौशी गरवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दोरीच्या ताकदीप्रमाणे विक्रम नोंदवायला सुरुवात केली. तिच्या नियमांत ॲव्हलॉनची छाप दिसते.

क्लबातले मानापमान मात्र माशांहून जड. कादंबरीकार झेन ग्रे यांना आपल्या ४१८ पौंडी तलवार माशाचा मोठा अभिमान होता. १९२१ मध्ये श्रीमती कीथ स्पॉल्डिंग यांनी ४२६ पौंडांचा काढला. बाईमाणसाला हे एकटीने जमलेच कसे, अशी शंका ग्रे यांनी बोलून दाखवली. प्रकरण चिघळले आणि शेवटी क्लब सोडला तो ग्रे यांनीच.