तणनाशक-सहनशीलता (भाजीपाला वाणांमधील फरक)

एकाच भाजीपाला पिकाच्या दोन वाणांवर एकच तणनाशक सारख्याच मात्रेत फवारले, तरी एकाची पाने जेमतेम पिवळसर पडतात आणि शेजारच्या ओळीतले दुसरे करपून जाते. वाणांमधला हा फरक जन्मजात असतो. वारंवार फवारणीतून तणांत निवडून येणारा प्रतिकार ही निराळी बाब आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

फरकाचे मूळ बहुधा वनस्पतीच्या पचनशक्तीत असते. शिरलेले रसायन जे वाण लवकर मोडते, ते तगते. मधुमक्याचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. तीन तणनाशके घ्या: निकोसल्फ्युरॉन अमिनो आम्लांची निर्मिती रोखते, मेसोट्रायोन पानांतल्या रंगद्रव्यांची घडण बिघडवते, बेन्टाझोन प्रकाशसंश्लेषण अडवते. तिघांचे घाव तीन ठिकाणी, तरीही ‘मेरिट’सारख्या संवेदनशील वाणाला तिन्ही बाधतात. कारण ही तिन्ही रसायने मोडणारे सायटोक्रोम पी-४५० गटातले विकर (एन्झाइम) एकच, आणि त्याचे जनुकच अशा वाणांत निकामी असते. हा दोष आनुवंशिकतेच्या भाषेत अप्रभावी आहे, म्हणजे एकाच पालकाकडून आला तर पुरता उघड होत नाही. दोन्ही पालकांकडून आला तर इजा तीव्र होते; एकाकडूनच आला तर काही तणनाशकांना मध्यम इजा दिसते. म्हणून संकरित बियाण्यात पालक वाणांची पारख आधीच व्हायला हवी.

टोमॅटोत मेट्रिब्युझिन या तणनाशकाला ग्लुकोजची जोड देऊन ते निष्प्रभ केले जाते. हे काम ज्या वाणात मंद, ते अधिक होरपळते. फवारणीआधी ढगाळ हवा राहिली तर इजा वाढते. बटाट्यात ‘रसेट बरबँक’ हेच तणनाशक बऱ्यापैकी सोसतो, ‘शेपडी’ आणि ‘अटलांटिक’ मात्र हळवे आहेत. मिरचीच्या ‘सांताका’ व ‘बोहेमियन चिली’ या वाणांची बेन्टाझोन-सहनशीलता एकेका प्रभावी जनुकावर (एकाच पालकाकडून आले तरी गुण दाखवणाऱ्या) चालते. पैदासकारासाठी ही मोठीच सोय, कारण असा गुण संकरात लगेच दिसतो.

तणनाशकाच्या लेबलावर पुष्कळदा फक्त पिकाचे नाव असते. नव्या वाणासाठी तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. आधी थोड्या ओळींवर फवारून पाहावे. चाचणीत शिफारशीची मात्रा आणि तिची दुप्पट, दोन्ही वापरतात, कारण शेतात पट्ट्यांच्या कडेला फवारा एकावर एक पडतो. इजा शून्य ते १०० अशा मापाने नोंदवतात, पण शेवटी उत्पादनही मोजावेच लागते: सुरुवातीला पिवळे पडलेले पीक पुष्कळदा सावरते.